डंपरची माती मोजली जाते, पावसाची नाही

घर बांधायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण झालेलं घर येतं. आज मी त्याआधीच्या काही महिन्यांबद्दल बोलणार आहे. प्लॉट खणलेला आहे, माती उघडी पडली आहे आणि पाऊस सुरू झाला आहे. त्या मातीसाठी आणि त्या पाण्यासाठी कुणाची परवानगी लागते, परवानगीच्या कागदात काय असतं आणि काय राहून जातं, ते आज समजून घेऊ.

आधी एक विसंगती पाहा. महाराष्ट्रात प्लॉटवरची माती किंवा मुरूम डंपरने बाहेर न्यायचा असेल तर ते गौण खनिज ठरतं. महसूल खात्याची परवानगी काढावी लागते, ब्रासच्या हिशेबाने स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी भरावी लागते आणि गाडीबरोबर वाहतूक पास ठेवावा लागतो. पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर रॉयल्टी लागत नाही. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये तसा निकाल दिला. थोडक्यात, माती फाटकातून गाडीने बाहेर पडली की सरकार तिचा हिशेब मागतं. तीच माती पावसाच्या पाण्याबरोबर फाटकाखालून वाहत रस्त्यावर, रस्त्यावरून पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात गेली, तर बहुतेक ठिकाणी कुणीच काही विचारत नाही.

ही माती जाऊन जाऊन किती जाणार, असं वाटेल. हिशेब करू. प्लॉट १००० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाव एकर धरा. त्यावरचा एक सेंटिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर १० घनमीटर माती गेली. ब्रासमध्ये सांगायचं तर साडेतीन ब्रास. जमीन एक सेंटिमीटरने खाली गेली हे डोळ्यांना कळतही नाही. आता पाणी. त्याच प्लॉटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. गवत असलेल्या जमिनीत त्यातलं बरंच मुरतं. पण जेसीबी आणि डंपर फिरून दाबल्या गेलेल्या उघड्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते वाहतं आणि वाहताना माती घेऊन जातं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला आकडा असा आहे की, बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीच्या तुलनेत साधारण १० ते २० पट असतो आणि जंगलाच्या तुलनेत १००० ते २००० पट. आपल्याकडे ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो आणि तोही वर्षातल्या मोजक्या दिवसांत, त्यामुळे आपल्याला या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

हा गाळ गटारात बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपच्या तळाशी १० सेंटिमीटर गाळ साचला की पाणी जायची जागा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते. पाण्याला घासत जावं लागत असल्याने प्रवाह त्याहूनही जास्त घटतो. मग चौकात पाणी तुंबतं, खालच्या मजल्यावरच्या घरात शिरतं आणि आपण म्हणतो, नालेसफाई नीट झाली नाही. नालेसफाईत उपसलेल्या गाळातला काही भाग कुणाच्या तरी बांधकामावरून आलेला असतो. तो उपसायचा खर्च मात्र आपल्या करातून होतो.

परवानगी कशाची मिळते?

जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे आपल्या राज्यघटनेत राज्यांचे विषय आहेत. त्यामुळे तुम्ही पुण्यात असा, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत की बंगळुरात, बांधकामाचे नियम त्या त्या राज्याचे आणि शहराचे असतात. कागदांची नावं बदलतात, पण क्रम साधारण सारखाच असतो. आधी नकाशा मंजूर होतो, मग बांधकाम सुरू करायचा दाखला मिळतो, पुढे जोत्याची तपासणी होते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.

या कागदांत पावसाच्या पाण्याचा उल्लेख असतो, पण कोणत्या पाण्याचा ते पाहा. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये सगळ्याच इमारतींना ते सक्तीचं केलं. बंगळुरात नव्या बांधकामासाठी ही अट ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटपासूनच लागते. हे सगळं चांगलंच आहे. पण हे पूर्ण झालेल्या इमारतीच्या छतावरचं पाणी आहे. भोगवटा देताना अधिकारी शोषखड्डा पाहतात, पाइप पाहतात. त्या दिवसापर्यंत उघडी माती फरशीखाली गेलेली असते आणि वाहून गेलेली माती नाल्यात.

यातून आणखी एक नुकसान होतं. शोषखड्डा आधीच खणून ठेवला आणि बांधकामाचं गढूळ पाणी त्यात जात राहिलं, तर बारीक गाळ खडीच्या फटी बुजवतो. खड्डा कागदावर आहे, तपासणीत दिसतोही, पण त्यात पाणी मुरत नाही. म्हणून जागेवरची माती झाकली जाईपर्यंत शोषखड्ड्याचं तोंड बंदच ठेवावं.

मोठ्या प्रकल्पांची गोष्ट वेगळी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीबरोबर अटी येतात आणि त्यांत माती-पाण्याच्या अटी स्पष्ट असतात. केंद्रीय मंत्रालयाच्या ठरलेल्या अटींनुसार इमारती, रस्ते, फरशी यांच्या जागेवरची वरची सुपीक माती २० सेंटिमीटर खोलीपर्यंत काढून वेगळी साठवायची आणि पुढे झाडं लावताना तीच वापरायची. जागेतून जाणारा नैसर्गिक ओढा-नाला अडवायचा नाही. नियमाप्रमाणे सोडायच्या मोकळ्या जागेतली किमान २० टक्के जागा पाणी मुरेल अशी ठेवायची. धुळीसाठीही २५ जानेवारी २०१८ ची वेगळी अधिसूचना आहे. सुटी माती झाकून ठेवणं आणि गाड्यांवर ताडपत्री टाकणं तिच्यात येतं.

म्हणजे नियम अगदीच नाहीत असं नाही. प्रश्न आहे तो २०,००० चौरस मीटर या आकड्याचा.

पावसाला एफएसआय कळत नाही

हा आकडा बांधीव क्षेत्राचा आहे, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बेरजेचा. अर्ध्या एकरावर उंच इमारत उभी राहिली तर बांधीव क्षेत्र मोठं आणि उघडी माती थोडी. उलट शहराबाहेर पाच एकर माळ एका उन्हाळ्यात सपाट करून, रस्ते आखून, बंगल्यांचे प्लॉट पाडले, तर बांधीव क्षेत्र जवळजवळ शून्य आणि उघडी माती पाच एकर. पाऊस पडल्यावर जास्त गाळ कुठून येईल, हे शेतकऱ्याच्या घरातलं लहान मूलही सांगेल. आपला नियम मात्र पहिल्या प्रकल्पाकडे आधी पाहतो. वसाहतींसाठी क्षेत्रफळाची वेगळी मर्यादा आहे, पण ती ५० हेक्टरची आहे. तिच्या खालचे अगणित लेआउट सुटून जातात.

अमेरिकेत बांधकामावरच्या गढूळ पाण्याला नदीचं प्रदूषण मानतात आणि तिथली मर्यादा उघड्या पडणाऱ्या जमिनीवर ठरते. १९९० च्या नियमाने पाच एकर आणि त्याहून जास्त जमीन उघडी करणाऱ्या कामांना परवाना लागू लागला, आणि २००३ पासून ती मर्यादा एक एकरावर आली. बऱ्याच शहरांची आणि काउंटींची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, याशिवाय स्वतःची परवानगी असते. मशिन लागण्याआधी कागदावर आराखडा द्यावा लागतो. पाणी कुठून येतं, कुठून बाहेर जातं, गाळ कुठे अडेल, कोणता भाग केव्हा उघडा होईल, हे त्यात दाखवायचं असतं. केंद्रीय परवान्यानुसार दर सात दिवसांनी पाहणी होते, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाल्यावर २४ तासांत. ज्या भागात दोन आठवडे काम होणार नाही, तो लगेच झाकायला घ्यायचा असतो.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण परवानगीसाठी नेमकं काय मोजायचं, हे त्यांनी बरोबर ओळखलं आहे. ज्या गोष्टीमुळे नुकसान होतं, म्हणजे उघडी जमीन, तीच ते मोजतात.

उतारावर प्रश्न जिवाचा असतो

सपाट जागेवर गाळ वाहतो, उतारावर जमीनच खाली येते. म्हणून उतारासाठी वेगळे नियम आहेत. महाराष्ट्रात पाचास एक यापेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला मनाई आहे. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला मुख्य नगर नियोजकाची आधी लेखी परवानगी लागते. तिथे इमारतीच्या नकाशाआधी जमिनीच्या पातळीचा प्रश्न येतो.

२९ जून २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पुण्यात कोंढव्याला पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. पलीकडे बांधकामाची जागा होती आणि भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. पोटासाठी परराज्यातून आलेली पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती.

त्या प्रकरणातली जबाबदारी ठरवणं माझं काम नाही. पण अशा भिंती पावसात कशा पडतात ते प्रत्येकाला माहीत असावं. भिंतीमागची माती भिजली की जड होते. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल, भिंतीतली भोकं बुजली असतील, तर मातीच्या जोडीला पाणीही भिंतीला ढकलू लागतं. त्यात खालच्या बाजूला खोदाई झाली असेल तर पायाचा आधार गेलेला असतो. कोरड्या दिवसांत महिनोन्‌महिने उभी राहिलेली भिंत एका रात्रीत पडते ती यामुळे. तेव्हा खोदाईच्या कडेला मातीचा ढीग नको, भिंतीच्या पायथ्याशी माणसांची वस्ती नको, आणि वरून येणारं पाणी भिंतीमागे साचता कामा नये.

माती अडवायची की गाळ?

हे दोन वेगळे उपाय आहेत आणि त्यांतला फरक कळला की निम्मं काम सोपं होतं. माती जागच्या जागी धरून ठेवणं हा एक उपाय, आणि सुटलेली माती पाण्यातून गाळून घेणं हा दुसरा. दुसरा नेहमी महाग पडतो. स्थिर पाण्यात बारीक वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली बसायला साधारण दोन मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरचा कण तीन तास घेतो. चिकणमातीचा ०.००१ मिलिमीटरचा कण बारा-तेरा दिवस घेतो. काळ्या मातीत असे कण भरपूर असतात. माळव्यात, विदर्भात, मराठवाड्यात किंवा उत्तर कर्नाटकात काळ्या मातीवर बांधत असाल, तर गाळ बसवायचा खड्डा वाळू अडवेल, पण पाणी गढूळच जाईल. म्हणून आधी माती सुटू द्यायची नाही.

मी साइटवर गेले की पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहते.

पहिली, वरचं पाणी. शेजारच्या चढावरून येणारं पाणी खोदाईत येऊ द्यायचं नाही. वरच्या कडेला चर काढून ते बाजूने न्यायचं आणि मूळ ज्या वाटेने जात होतं त्याच वाटेला सोडायचं. शेजाऱ्याच्या अंगणात नाही.

दुसरी, तारीख. पावसाच्या तोंडावर सगळा प्लॉट एकदम उघडा करायचा नाही. लागेल तेवढाच भाग खणायचा. तारीख गावाप्रमाणे बदलते. कोकणात आणि पुण्यात जूनच्या आत पाया वर यायला हवा. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो, आणि बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरला विसरून चालत नाही.

तिसरी, ढीग. मातीचा ढीग गटारापासून, नाल्यापासून आणि खड्ड्याच्या कडेपासून लांब हवा आणि ताडपत्रीने झाकलेला हवा. वरची सुपीक माती वेगळी ठेवायची. ती भरावात गेली की पुढे बागेसाठी विकत आणावी लागते.

चौथी, खालची कड. जिथून पाणी बाहेर पडतं तिथे गाळ अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड खुंट्यांवर ताणून लावायचं आणि त्याची खालची कड चरात पुरायची. कड पुरली नाही तर पाणी खालून निघून जातं. साइटभोवती दिसणारी हिरवी जाळी हे काम करत नाही. तिच्या भोकांतून गाळ आरपार जातो. कापडाच्या आधी एक खड्डा ठेवायचा आणि त्यातलं पाणी वरच्या थरातून बाहेर काढायचं, तळातून नाही.

पाचवी, फाटक. फाटकाच्या आत काही मीटर जाड डबराचा पट्टा टाकला की टायरचा चिखल तिथेच झडतो. रस्त्यावर आलेला चिखल फावड्याने उचलायचा. पाइप लावून धुतला तर तो गटारातच जातो.

सहावी, पंप. तळघराच्या खड्ड्यात साचलेलं गढूळ पाणी थेट पावसाळी गटारात सोडायचं नाही. आधी टाकीत किंवा खड्ड्यात थांबवायचं, आणि सोडण्यापूर्वी महापालिकेच्या जलनिस्सारण विभागाशी बोलायचं.

आणि सातवी, फेरी. प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुणीतरी एक माणूस फिरला पाहिजे. कापडामागे एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ साचला की काढला पाहिजे. या माणसाचं नाव ठरलेलं नसेल तर वरच्या सहा गोष्टी जुलैपर्यंतही टिकत नाहीत.

यातलं काहीही आपल्याला परकं नाही. बांधबंदिस्ती, उताराला आडवे चर, पाणी अडवा पाणी जिरवा, हे आपण शेतात पिढ्यानपिढ्या करत आलो. शेताच्या बांधावर जी अक्कल चालते ती प्लॉटच्या फाटकापाशी का थांबावी?

तुम्ही काय मागू शकता?

स्वतःचं घर बांधत असाल तर ही कामं ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, दरासकट. जिचा दर ठरलेला नाही ती गोष्ट साइटवर होत नाही. पाया पावसाआधी वर येईल अशी तारीखही करारात घाला.

शेजारी बांधकाम सुरू होत असेल तर खोदाईआधी तुमच्या संरक्षक भिंतीचे तारखेसह फोटो काढा. सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग कार्यालयाला आणि विकासकाला पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात तीन प्रश्न विचारा. आमच्या हद्दीपासून खोदाई किती अंतरावर आणि किती खोल आहे? आमच्याकडून येणारं पाणी कुठे जाणार? मजुरांची राहण्याची सोय कुठे आहे?

प्रकल्प २०,००० चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याचं पर्यावरण मंजुरीचं पत्र परिवेश पोर्टलवर पाहता येतं. त्यातल्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पधारकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अट वाचा, अहवाल वाचा आणि मग रस्त्यावर येणाऱ्या गाळाचा फोटो जोडून तक्रार करा. नुसत्या ‘चिखल झालाय’ या तक्रारीपेक्षा अट क्रमांक लिहिलेल्या तक्रारीचं उत्तर लवकर येतं.

लहान प्रकल्पांसाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याबरोबर अटींची यादी असतेच. पावसाळ्यात जमीन उघडी राहणार असेल तर पाण्याच्या वाटा आणि गाळ अडवायच्या जागा दाखवणारा एक पानाचा नकाशा द्यावा, अशी आणखी एक अट त्यात बसू शकते. जोत्याच्या तपासणीला येणाऱ्या अभियंत्याने त्याच फेरीत ती पाहावी. तुमच्या नगरसेवकाकडे किंवा सरपंचाकडे जाल तेव्हा एवढी एकच मागणी लेखी न्या, आणि ती पावसाळा संपल्यावर नाही, तर त्याच्या चार महिने आधी न्या. खोदाईचे नकाशे तेव्हाच मंजुरीच्या टेबलावर असतात.